जन्माआधी सुई नाही

मूल जन्माला येईपर्यंत त्याच्या कपड्याला सुई लावायची नाही, हा आमच्या सासूबाईंचा कायदा होता. तो कुणी केला, कधी केला, मोडला तर काय होतं, याची उत्तरं त्या देत नसत. "नाही लावायची म्हणजे नाही लावायची," एवढंच. आणि मी त्या घरात शिवणाचं मशीन घेऊन आलेली सून.

मशीन माझ्या वडिलांनी लग्नात दिलं होतं. हाताचं मशीन, उजवीकडे फिरवायचं हँडल. वडील परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. शिवण मी लग्नाआधीच शिकले होते. आमच्या चाळीतल्या निम्म्या पोरींची परकर-पोलकी माझ्या हातची असत. गिरगावात सासरी आल्यावर मात्र मशीन कोपऱ्यात गेलं. सासरची माणसं कारकुनी पेशाची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीतून निवृत्त होऊन दिवसभर वर्तमानपत्र वाचणारे. सासूबाईंनी मशीनवर क्रोशाचा रुमाल घातला, त्यावर पितळेची फुलदाणी ठेवली आणि म्हणाल्या, "शिंप्याचं घर वाटायला नको." मी गप्प बसले. सुनांनी तेव्हा गप्पच बसायचं असे. पण गप्प बसणं वेगळं आणि चिडणं वेगळं, आणि मला दोन्ही एकदम जमायचं.

थंडीच्या सुरुवातीला माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. ती वरळीला दिलेली. वयानं माझ्याहून लहान, पण नणंद ती नणंद, मी तिला वन्सं म्हणायची. आमचं फारसं सूत जमलेलं नव्हतं. ती आली की सासूबाईंच्या उशाशी पडून असायची आणि मी चहा करायची, असा एकंदर प्रकार. या खेपेला मात्र ती अवघडलेली होती, पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. मला वाटलं, आपल्याला येतं ते तरी करावं.

"आई, मी लंगोट शिवून ठेवू का?" मी सासूबाईंना विचारलं. "तिकोनी, दोन्हीकडे बांधायला बंद. झबली पण करीन."

"पोर हाती येऊ दे आधी."

"मग निदान कापून ठेवते."

"कात्री? कात्री तर नाहीच नाही. तुझ्या माहेरी चालत असेल."

माहेर मध्ये आलं की बोलणं संपायचं. सासूबाईंची तयारी अशी होती: मामंजींची झिजून मऊ झालेली धोतरं आणि स्वतःची जुनी लुगडी त्यांनी धुऊन, घड्या करून, कडुलिंबाचा पाला घालून एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. बाळ आलं की धोतरं हातानं टरकावून त्यांची बाळोती करायची, म्हणजे नुसते चौकोनी तुकडे, बाळाखाली घालायला आणि कमरेला गुंडाळायला. "पाच पोरांना पुरली ही पद्धत," त्या म्हणायच्या. पाच पोरांची अंथरुणं रोज कुणी वाळत घातली ते कुणी विचारत नव्हतं.

मी एक पळवाट काढली. कापडाला कात्री नको ना? मग कागदाला लावू. एका दुपारी सगळी लवंडलेली असताना मी वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि अंदाजानं लंगोटाचा आकार कापला. मोठा छान तिकोन आला. तो मी गादीखाली सरकवला.

संध्याकाळी मामंजी वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसले आणि दोन मिनिटांत आत आले. पान त्यांनी डोळ्यांसमोर धरलं होतं आणि मधल्या भोकातून मला त्यांचं नाक दिसत होतं.

"हा अग्रलेख कुठे गेला?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही यावर चाळीतले लोक पाणी भरताना, जिन्यात, संडासाच्या रांगेत बोलत. मामंजी तर त्यावरच जगत होते. संध्याकाळी गॅलरीत बसून ते अग्रलेख मोठ्यानं वाचत आणि मजल्यावरचे चार-सहा म्हातारे ऐकत. त्या दिवशी म्हातारे जमलेले आणि अग्रलेख माझ्या गादीखाली. मी निमूट काढून दिला. मामंजींनी तो तिकोन त्या भोकात बसवला, जमेल तसा वाचला, आणि परत देताना हळूच म्हणाले, "सूनबाई, मागच्या पानावर जाहिराती असतात. त्या काप."

सासूबाईंना त्यांनी सांगितलं नाही. म्हणून पुढे जे झालं त्याबद्दल मी त्यांच्यावर मनासारखं चिडूही शकले नाही.

झालं ते असं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई आणि मी खालच्या मजल्यावर गेलो होतो. वन्सं झोपली होती. तेवढ्यात चळवळीतले तरुण मोर्च्याच्या फलकांसाठी पांढरं कापड मागत चाळीत फिरले. आम्ही तिळगूळ घेऊन वर आलो तर पत्र्याची ट्रंक उघडी, आत कडुलिंबाचा पाला तेवढा उरलेला.

"अहो, धोतरं कुठेत?"

"दिली," मामंजी म्हणाले. "आणि लुगडीही. फलक करायचेत. कार्य मोठं आहे."

सासूबाई ट्रंकेशेजारी खालीच बसल्या. त्यांच्या हातात अजून वाण म्हणून मिळालेली कुंकवाची डबी होती. "मुंबई मिळेल तेव्हा मिळेल हो," त्या म्हणाल्या. "नातवंड आठवड्याभरात येतंय. त्याला काय फलक गुंडाळू?"

त्यानंतर त्या मामंजींशी बोलेनाशा झाल्या. जेवणाचं ताट त्या माझ्याकरवी पाठवायच्या आणि निरोपही. "त्यांना सांग, ताक हवं असेल तर आहे." मामंजी समोरच बसलेले असायचे. मी दोघांच्या मधे उभी राहून ताकाचा निरोप सांगायची. मी पुन्हा एकदा विचारून पाहिलं, आता बाजारातून मऊ मलमल आणून शिवू का? तर म्हणाल्या, "सुईचं नाव काढू नकोस. आधीच अपशकुन झालाय." मला त्या दिवशी स्वतःच्या आईची इतकी आठवण आली की मी मोरीत जाऊन भांडी दोनदा घासली.

मग रेडिओवर बातमी आली, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. सगळं गिरगाव रस्त्यावर उतरलं. दगड, लाठ्या, अश्रुधूर, मग गोळीबार आणि कर्फ्यू. आमच्या घरचे 'हे', म्हणजे माझे यजमान, दादरला सभेला गेले होते ते तिकडेच एका मित्राकडे अडकले. आमची चाळ रस्त्याला लागूनच होती. गॅलरीत उभं राहायचं नाही, खिडक्या लावून घ्या, असं पोलीस खालून ओरडत फिरत. आम्ही चौघं दोन खोल्यांत कोंडलो. त्यातली दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि तिसरीच्या पोटात सकाळी चहाच्या वेळी कळा सुरू झाल्या.

इस्पितळ लांब नव्हतं. एरवी टांग्यात बसलं की पोचलं. पण रस्ता बंद. सासूबाई नुसत्या दारापर्यंत जाऊन परत येत होत्या. पाच पोरांची आई, पण पोटच्या पोरीच्या कळा बघवेनात. वन्सं भिंतीला टेकून माझा हात धरून होती आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती.

"खोताच्या वाडीत नर्सबाई राहतात," मी म्हणाले. निवृत्त झालेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईच्याच ख्रिस्ती बाई होत्या, आजूबाजूच्या बायकांना वेळप्रसंगी बाळंतपणात सोडवायला जायच्या. "पण जाणार कोण?"

मामंजी उठले. टोपी घातली. सासूबाईंनी ट्रंक रिकामी झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "रस्त्यानं जाऊ नका," त्या म्हणाल्या. झालं, अबोला सुटला. मामंजी मागच्या जिन्यानं उतरले आणि चाळींच्या मागून, गल्लीबोळांतून, कुणाच्या अंगणातून कुणाच्या परसातून करत गेले. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, आणि मागे फ्रॉक घातलेल्या, छत्री आणि पिशवी घेतलेल्या नर्सबाई. त्यांनी आल्या आल्या मामंजींना बाहेर घालवलं, सासूबाईंना पाणी तापवायला बसवलं आणि मला विचारलं, "बेबीचे कपडे कुठे हायेत? काढून ठेव."

"नाहीत," मी म्हणाले.

"नाहीत म्हणजे?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या स्टोव्हला पंप मारत राहिल्या.

दुपारी मुलगी झाली. बारीकशी, लालबुंद, आणि आवाज मात्र सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा. नर्सबाईंनी तिला स्वतःच्या पिशवीतल्या टॉवेलात गुंडाळलं. सासूबाई उठल्या, मशीनपाशी गेल्या, फुलदाणी उचलून खाली ठेवली, रुमाल ओढून काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बसलीस काय अशी? शिव ना!"

आजही आठवलं की माझ्या कानशिलात रक्त चढतं. अडीच महिने ज्यासाठी मी परवानगी मागत होते, ते आता पाच मिनिटांत हवं होतं. आणि शिवायचं कशातून? सासूबाईंनी गॅलरीच्या दाराची फट उघडून शेजारणीला हाक मारली. बातमी दारादारांतून सरकत गेली, आणि आमच्या दारात कापडं यायला लागली: विरलेली चादर, पंचा, फाटका परकर, कुणाच्या नवऱ्याचा सदरा. कापडाबरोबर कापड देणारणीही वाकून वाकून, भिंतीला चिकटून आत आल्या. पाच बायका माझ्याभोवती बसल्या आणि पाचही जणींना लंगोट कसा शिवायचा ते माहीत होतं.

"बंद पुढून घे, मागून घेतलेस तर टोचतील."

"पुढून घेतलेस तर बेंबीला लागतील."

"काठ आत दुमडू नको, जाड होईल."

"दुमडला नाहीस तर सुतं निघतील, बोटाला गुंडाळतात, बोट काळं पडतं. आमच्या पुतण्याचं पडलं होतं."

मी गादीखालचा कागद काढला, त्यावरून कापलं, आणि हँडल फिरवायला लागले. हाताच्या मशीनवर एक हात हँडलला जातो आणि मऊ, विरलेलं कापड एका हातानं सरळ राहत नाही. टीप वाकडी जायला लागली, सुईखाली कापड गोळा व्हायला लागलं. मी दोनदा उसवलं. तेवढ्यात माझ्या उजवीकडून एक हात आला आणि त्यानं हँडल धरलं. सासूबाई होत्या. "तू कापड सांभाळ," त्या म्हणाल्या. "मी फिरवते. हळू की जोरात ते सांग."

"हळू," मी म्हणाले. मग त्या फार हळू फिरवायला लागल्या. "जरा जोरात." मग फार जोरात. "अहो आई, हळू!" माझा आवाज चढला. पाचही जणी माझ्याकडे बघायला लागल्या. पण हँडल नीट फिरायला लागलं, आणि त्यानंतर टीप सरळ गेली.

पहिला लंगोट नर्सबाईंनी हातात घेतला, बाळाला लावून पाहिला आणि हसायलाच लागल्या. कागद मी अंदाजानं कापला होता आणि माझा अंदाज चाळीतल्या सहा-आठ महिन्यांच्या गुबगुबीत पोरांचा. लंगोट त्या मुलीच्या काखेपर्यंत आला. "हा लंगोट काय गाऊन?" नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी तळहात पसरून मला माप दाखवलं. मी पुन्हा कापायला घेतलं. वन्सं खाटेवरून बघत होती. एवढ्या वेदना सोसून पडलेली, पण हसू दाबत होती ते मला दिसलं. मला तेव्हा त्याचाही रागच आला.

दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली चळत झाली. धुतलेले लंगोट गॅलरीतल्या दोरीवर वाळत होते, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. दोन खोल्यांत ओले कपडे वाळत घालायचे तर बाळंतिणीला सर्दी होईल. गॅलरीत उभं राहायला बंदी होती, म्हणून मी बसून, हात वर करून, काठीनं ते दोरीवर टाकले होते.

दुपारी खाली गलका झाला. अश्रुधुराचा वास दाराच्या फटीतून आत आला. मग ठो ठो आवाज. आम्ही बाळाच्या तोंडावर ओला पंचा धरून आतल्या खोलीत बसलो. थोड्या वेळानं जिन्यात धावपळ ऐकू आली आणि कुणीतरी ओरडलं, "कापड द्या! स्वच्छ कापड आहे का कुणाकडे?" खालच्या मजल्यावर एका तरुणाला आणलं होतं. शेजारच्या वाडीतला होता. मांडीत गोळी लागली होती, रक्त थांबत नव्हतं.

मी घरात बघायला लागले. चादरी मळलेल्या, पंचा ओला. मी वळले तर सासूबाई खोलीत नव्हत्या. गॅलरीचं दार सताड उघडं होतं.

त्या गॅलरीत सरळ उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. दोरीवरचा एकेक लंगोट त्या काढत होत्या, झटकत होत्या आणि दुसऱ्या हातावर टाकत होत्या. रोज संध्याकाळी कपडे काढावेत तशा.

खालून पोलीस ओरडला, "ए बाई! आत व्हा! ऐकू येत नाही का?"

सासूबाई कठड्यापाशी गेल्या. "बाळाचे लंगोट आहेत हे!" त्या वरून म्हणाल्या. "तुला कुणी घातले नव्हते का? माझे काढून झाले की होते आत."

मी दारात गुडघ्यांवर बसून त्यांचं लुगडं ओढत होते. "आई, चला, आई, या आत." खाली काय झालं मला दिसलं नाही. पोलीस आणखी काही बोलला नाही एवढं खरं. सासूबाईंनी शेवटचा लंगोट काढला, आत आल्या, सगळी चळत मामंजींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खाली द्या. फाडायला सोपे आहेत, मऊ आहेत. बंद कापायचीही गरज नाही, बांधायला येतील."

मामंजी चळत घेऊन धावत गेले. मग सासूबाई मशीनशेजारी खाली बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. माझ्या मनात नक्की काय होतं ते सांगणं कठीण आहे. अभिमान वाटला, हो. भीतीही होती. पण मी आदल्या दुपारपासून मान मोडून शिवलेलं सगळंच्या सगळं गेलं, एकही ठेवला नाही, हाही विचार होताच. आणि आतून बाळ रडायला लागलं. ओलं झालं होतं.

"आता काय घालू?" मी विचारलं.

सासूबाईंनी कपाट उघडून मामंजींचं जरीकाठी उपरणं काढलं. वन्संच्या लग्नात त्यांनी एकदाच अंगावर घेतलेलं. बाळानं ते पाच मिनिटांत भिजवलं, आणि उपरणं तलम असल्यामुळे खालची गादीही. मामंजी वर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला रक्त लागलं होतं. ते मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. "रक्त थांबलंय," ते एवढंच म्हणाले. "लंगोटांनी थांबलं." उपरण्याकडे त्यांनी पाहिलं आणि ते स्वतःच बादलीत भिजत टाकलं. आम्ही पुन्हा मशीनपाशी बसलो. सासूबाई हँडलवर, मी कापडावर. या वेळी मजल्यावरच्या बायकांनी अंगावरचं सोडून उरलं होतं ते आणून दिलं आणि सल्ला कुणीच दिला नाही.

गादी भिजण्याचा प्रश्न मात्र सुटेना. लंगोट कितीही चांगला असला तरी पाणी बाहेर येणारच, आणि बाळंतिणीला ओल्यात झोपवायचं नाही. मला वाटलं, लंगोटावरून घालायला आणखी एक चड्डी हवी, ओल अडवणारी. दाराआड मामंजींचा जुना रेनकोट लटकत होता. त्याच्या पाठीचं कापड मी कापलं, कमरेला नाडी घातली, पायांना नाडी घातली. फार सुबक झालं. गादी कोरडी राहिली, मी स्वतःवर खूश. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर बाळाच्या मांड्या लाल. नर्सबाई पुन्हा मागच्या वाटेनं आल्या होत्या, त्यांनी ती चड्डी दोन बोटांत धरून मला दाखवली. "बेबीला काय पावसात उभा करायचाय? हवा नको लागायला?" सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. शिवताना हँडल त्याच फिरवत होत्या.

शेवटी मला उपाय सापडला तो आमच्या ह्यांच्या स्वेटरात. नाशिकच्या थंडीसाठी घेतलेला, वर्षातून एकदा निघणारा लोकरीचा स्वेटर. लोकर ओल पिते आणि वारंही जाऊ देते, हे मला माझ्या आईच्या घोंगडीवरून माहीत होतं. स्वेटरची खालची विणीची पट्टी कमरेला ठेवून मी चड्डी बेतली, पायांना बाह्यांची मनगटं जोडली, आतून मऊ फ्लॅनेल लावलं. बाळाला ती बसली. गादी कोरडी, मांड्याही बऱ्या होत आल्या. दिवसभर मी येता जाता हात लावून बघत होते.

कर्फ्यू सैल झाल्यावर हे दादरहून परत आले, दाढी वाढलेली, डोळे लाल. भाचीला बघायला वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, गहिवरले. तर म्हणाले, "हा माझा स्वेटर आहे का?"

"होता," मी म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी वन्संचे यजमान वरळीहून चालत आले. आपल्याला मुलगी झाली हे त्यांना आमच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. त्यांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं, मुलीकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि रडायलाच लागले. मामंजींनी त्यांना पाणी दिलं. सगळं शांत झाल्यावर मी विचारलं, "गाठोड्यात काय आहे?"

"बाळाचे कपडे," ते डोळे पुसत म्हणाले. "आमच्या आईनं दिलेत. झबली, टोपडी, लंगोट. सातव्या महिन्यापासूनच शिवत होती. म्हणाली, तिकडे घाईत काय करतील बिचारे."

गाठोडं सोडलं. काठ दुमडलेले, बंद लावलेले, एकावर एक रचलेले लंगोट. दुपट्याला रंगीत दोऱ्याची वेल. मी त्या चळतीकडे बघत राहिले. मग सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी काही म्हणतील. त्यांनी एक लंगोट उचलला, बोटांत चुरला, आणि म्हणाल्या, "नवं कापड आहे. दोनदा धुतल्याशिवाय घालायचं नाही." मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि गाळणं इतक्या जोरात आपटलं की दांडी वाकडी झाली.

त्या तरुणाचा पाय वाचला. लंगडतो, पण चालतो असं कळलं. त्याची आई एकदा जिना चढून आली. ती आणि सासूबाई खाटेशी बसून बाळाकडे बघत राहिल्या. जाताना तिनं बाळाच्या तळव्याला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला.

सव्वा महिना झाल्यावर वन्सं वरळीला निघाली. मी तिचं गाठोडं बांधत होते. वरळीचे लंगोट वेगळे, इकडचे वेगळे, लोकरीची चड्डी आणि तिच्यावरून नंतर शिवलेल्या आणखी दोन वर, कशा धुवायच्या ते तिला सांगत होते: कोमट पाण्यात, पिळायच्या नाहीत, दाबायच्या. ती ऐकत नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "त्या दिवशी मी मरते की काय असं मला वाटत होतं."

"असं बोलू नये."

"आई रडत होती, बाबा गेलेले, ते परत येतील का नाही ठाऊक नाही. सगळे माझ्याशी गोड गोड बोलत होते. मरणाऱ्याशी बोलतात तसं. तुम्ही एकट्या चिडलेल्या होता. कपडे नाहीत म्हणून, मशीन चालत नाही म्हणून, आईवर, सगळ्यांवर. तुमचं तोंड बघून मला वाटलं, नाही, सगळं ठीक असणार. नाहीतर या अशा कशाला चिडल्या असत्या?"

माझ्या हातात एक चड्डी होती. तिच्या डाव्या पायाची टीप जरा उसवली होती, हे मला तेव्हाच दिसलं. खाली टांगेवाला ओरडत होता. मी तिला थांब म्हटलं, सुईत दोरा ओवला आणि तिथेच उभ्या उभ्या चार टाके घातले. ती बाळाला खांद्यावर घेऊन दारात थांबली, मला घाई न करता.